पुस्तकातला चेहरा पडद्यावर दिसायलाच पाहिजे, ही मागणी आली कुठून?

एप्रिल २०२५ मध्ये हॅरी पॉटरच्या नव्या सिरीजची काही नावं जाहीर झाली, त्यात जादूच्या शाळेतल्या स्नेप मास्तरच्या रोलला पापा एसिएडू हा कृष्णवर्णीय नट आहे हे कळलं, आणि इथं कोल्हापुरात सुद्धा पोरापोरींच्या ग्रुपवर भांडण लागलं. एक बाजू म्हणते पुस्तकात स्नेपचं वर्णन स्पष्ट दिलंय, फिकट पिवळट कातडी, बाकदार नाक, तेलकट काळे केस, मग बदलायचं कशाला. दुसरी बाजू म्हणते भावा, ॲलन रिकमन तरी कुठं पुस्तकातला होता, पुस्तकातला स्नेप सुरुवातीला जेमतेम तिशीतला आणि २००१ चा पहिला पिक्चर आला तेव्हा रिकमन पंचावन्नचा. दोन्ही बाजूंचं बरोबर आहे, म्हणूनच हा वाद मिटत नाही. पण त्याची मुळं हॅरी पॉटरच्या लय आधीची आहेत आणि त्यातलं एक मूळ आपल्याच गावात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या डोक्यात जो चेहरा बसलेला असतो तो बहुतेक वेळा वाचून बसलेला नसतोच, तो चित्रातनं आलेला असतो. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये छापखाना काढला आणि देवादिकांची रंगीत चित्रं घराघरात भिंतीवर लागली, तेव्हापासून सरस्वती कशी दिसते, दमयंती कशी दिसते हे लोकांना ‘माहीत’ झालं. आपल्या कादंबऱ्यांच्या बाबतीत हेच काम दीनानाथ दलालांसारख्यांच्या मुखपृष्ठांनी केलं, आत काहीही वर्णन असो, वाचकाला कव्हरवरचाच चेहरा दिसत राहतो. इंग्लंडमध्ये पण तेच. ‘ॲलिस इन वंडरलँड’ १८६५ मध्ये आलं, त्यात जॉन टेनिएलची चित्रं होती, आणि जिच्यासाठी ती गोष्ट रचली ती खरी ॲलिस आखूड काळ्या केसांची मुलगी होती, पण टेनिएलने लांब मोकळ्या फिकट केसांची काढली आणि जगाने तीच धरली. १९०३ मध्ये इंग्लंडमध्ये त्याच्यावर पहिला मूकपट झाला, जेमतेम दहा-बारा मिनिटांचा, त्यात सुद्धा सगळा थाट टेनिएलच्या चित्रांसारखा ठेवला होता. म्हणजे सिनेमा नुकता रांगायला लागला होता तेव्हापासूनच ‘चित्रातल्यासारखं दिसू दे’ ही अट लागलेली आहे.

आपल्याकडे फाळक्यांची अडचण वेगळीच होती, बाया मिळतच नव्हत्या. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती शोधता शोधता शेवटी एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके त्यांना सापडले, अंगाने सडपातळ आणि हात नाजूक, तेवढ्यावर निवड झाली. पुढं ‘लंकादहन’मध्ये १९१७ ला त्याच साळुंक्यांनी राम पण केला आणि सीता पण केली! लोकांनी ते मनापासून मान्य केलं कारण तेव्हा नाटकात पुरुषच बाई व्हायचे, डोळ्याला सवय होती. ‘जुळतो’ म्हणजे काय हे त्या त्या काळच्या सवयीवर ठरतं, ही गोष्ट आजच्या भांडणात कुणीच बोलत नाही.

आता कोल्हापूर. इथं ज्यांनी सिनेमा सुरू केला ते बाबूराव पेंटर मुळात चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. कॅमेरा सुद्धा त्यांनी इथंच बनवून घेतला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, आणि शूटिंगच्या आधी सीनची, पोशाखाची स्केचेस काढायची त्यांची पद्धत होती. जो माणूस आधी कागदावर भीम काढतो तो नंतर नट शोधताना काय बघणार? खांदे बघणार, मान बघणार, दंड बघणार. १९२० च्या ‘सैरंध्री’त भीम झाले बाळासाहेब यादव आणि कीचक झुंजारराव पवार, आणि कीचकवधाचा सीन इतका खरा वाटला की थिएटरात लोक घाबरले, आणि पुढं तो कापावा लागला. त्या सीनला ट्रिक होतीच, पण नुसत्या ट्रिकने ते झालं असतं असं मला वाटत नाही, हा माणूस खरंच दुसऱ्याला चिरडू शकतो हे अंगावरनं दिसावं लागतं. तालमीच्या गावात तसली अंगं शोधायला लांब जायला लागत नव्हतं. आणि त्याच पिक्चरमध्ये बायांच्या रोलला बाया उभ्या राहिल्या, गुलाबबाई आणि अनसूयाबाई, पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी. त्या काळात त्यांनी लोकांचं काय काय ऐकून घेतलं असेल याचा विचार करून बघा. साळुंके सीता झाले त्याला अजून तीनच वर्षं झाली होती.

१९२३ ला त्यांनी ‘सिंहगड’ केला, हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरनं, आणि शिवाजी महाराज स्वतः बाबूरावच झाले. कादंबरी लोकांनी वाचलेली, महाराजांची चित्रं लोकांनी बघितलेली, म्हणजे आज फॅन लोक ज्या नजरेने ट्रेलर बघतात ती नजर तेव्हापासून इथल्या प्रेक्षकाला आहे.

बाबूरावांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये इथंच प्रभात काढली आणि १९३३ ला ती पुण्याला गेली. पुण्यात गेल्यावर शांतारामबापूंनी १९३४ ला ‘अमृतमंथन’ केला, नारायण हरि आपट्यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीवरनं. काल्पनिक राज्य, नरबळी, कटकारस्थान करणारा राजगुरू, आजच्या भाषेत फँटसीच म्हणायची. हिंदीत राजगुरू झाला चंद्रमोहन, आणि त्याचे ते मोठे घारे डोळे! पिक्चरमध्ये फक्त डोळ्याचा एवढा मोठा क्लोजअप घेतलाय की पडदाभर डोळाच. मराठीत तोच राजगुरू केशवराव दाते. आता या दोघांचं दिसणं एक नाही, जात एक नाही अभिनयाची पण, दाते रंगभूमीवर मुरलेले, चंद्रमोहन पडद्यावर नवीन. तरी दोन्ही राजगुरू चालले, कारण त्या पात्राला एकच गोष्ट लागत होती, त्याच्या नजरेखाली अख्खं राज्य दबलंय हे पटलं पाहिजे. बाकी नाक कसंय, रंग कसाय, उंची किती, याच्यावर कथेचं काही अडलेलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. कथा ज्याच्यावर टेकलेली आहे ते जुळवा. ते सोडलं तर पिक्चर पडतो, आणि बाकीचं बदललं तर चार दिवस आरडाओरडा होतो आणि मग लोक विसरतात.

हे तपासून बघायला हॉलिवूडचा इतिहास कामाला येतो. १९३९ च्या ‘विझार्ड ऑफ ऑझ’मध्ये डोरोथी पुस्तकात लहान पोर, ज्युडी गारलँड सोळा वर्षांची, सुरुवातीला तिला सोनेरी विग घालून, चेहरा रंगवून बाहुली केली होती, मग नवीन डायरेक्टर आला आणि ते सगळं काढून टाकून म्हणाला साधी गावाकडची मुलगी राहू दे. चांगलं झालं. त्याच पिक्चरमध्ये टिनचा माणूस होणाऱ्या बडी एब्सनला मेकअपमधली ॲल्युमिनियमची पूड बाधली, थेट हॉस्पिटलात भरती, रोल गेला दुसऱ्याकडं. लूक जुळवायचा म्हणजे नटाच्या जिवाशी पण खेळ व्हायचा.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या वेळी वेगळाच प्रकार. गिमली हा बुटका, आणि तो केला जॉन ऱ्हिस-डेव्हिसने, जो त्या टोळीतल्या नटांमध्ये सगळ्यात उंच, सहा फुटाच्या वर. कॅमेऱ्याचे कोन, डमी, लहान-मोठे सेट असं करून त्याला बुटका दाखवला. उंची खोटी दाखवता येते, पण त्याचा तो धिप्पाड बांधा आणि आवाज कुठनं आणणार? अरागॉर्नला तर शूटिंग सुरू झाल्यावर नट बदलला, स्टुअर्ट टाउनसेंड गेला आणि विगो मॉर्टेन्सन आला, कारण वय पटेना. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये डेनेरिसचे डोळे पुस्तकात जांभळे, लेन्स लावून बघितल्या आणि सोडून दिल्या, कुणाचं काही अडलं नाही. टिरियनचं नाक पुस्तकात लढाईत जातं, सिरीजमध्ये नुसता व्रण, तेही चाललं. पण टिरियन हा बुटका, त्याची उंची? ती बदलली असती तर पात्रच उरलं नसतं, बापाने त्याला आयुष्यभर त्याच्यावरनंच तोडलंय.

उलटं उदाहरण ‘अर्थसी’ या जादूगारांच्या कादंबऱ्यांचं, आणि मला याचा आजही राग येतो. उर्सुला ले ग्विनने गेड हा नायक मुद्दाम तांबूस-तपकिरी कातडीचा लिहिला, जादूगार म्हटला की गोराच ही सवय मोडायची म्हणून. पण मुखपृष्ठांवर त्याला गोरा काढत राहिले, आणि २००४ ला टीव्हीवर मालिका केली त्यात पण गोरा नट घेतला. लेखिकेने जाहीर लेख लिहून निषेध केला. इथं रंगावर कथा टेकलेली होती आणि तोच काढून टाकला. म्हणून २०२२ मध्ये पर्सी जॅक्सनच्या नव्या सिरीजसाठी ॲनाबेथच्या रोलला लिआ जेफ्रीज या कृष्णवर्णीय मुलीला घेतलं तेव्हा लोकांनी त्या लहान पोरीला शिव्या घातल्या ते मला गेडच्या तराजूत घालता येत नाही. ॲनाबेथचे सोनेरी केस हे वर्णन आहे, तिची अक्कल ही कथा आहे, आणि लेखक रिक रायर्डन स्वतः तिच्या बाजूने उभा राहिला.

सगळ्यात शिकण्यासारखं मात्र हॅरीच्या डोळ्यांचं. पुस्तकात हिरवे, डॅनियल रॅडक्लिफचे निळे, लेन्सने त्याला त्रास झाला, तेव्हा लेखिका रोलिंगला विचारलं, तर तिचं म्हणणं असं की रंग महत्त्वाचा नाही, आईच्या डोळ्यांसारखे असणं महत्त्वाचं. आणि २०११ च्या शेवटच्या पिक्चरमध्ये नेमकं तिथंच घसरलं. हॅरीची आई लिली, तिच्या लहानपणीच्या रोलला घेतलेल्या मुलीचे डोळे तपकिरी! आठ पिक्चर जे वाक्य ऐकवलं, तुझे डोळे आईसारखे आहेत, ते शेवटी पडद्यावर खोटं पडलं. हिरवं की निळं हे लोकांनी कधीच सोडून दिलं होतं, हे मात्र फॅन लोक अजून काढतात.

आता आपल्याकडचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ आला, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरनं, सावंत म्हणजे आपल्या आजऱ्याचे. तेव्हापासून इथं गप्पांमध्ये हमखास एक विषय निघतो, ‘मृत्युंजय’ कोण करणार आणि कर्ण कोण होणार. बहुतेक लोक उंची, छाती, जिमची बॉडी यावर बोलतात. भीमाला ते लागतं हे मान्य, १९८८ च्या टीव्हीवरच्या महाभारतात म्हणूनच एशियन गेम्समध्ये थाळीफेकीचं सुवर्ण घेतलेले प्रवीणकुमार भीम झाले, तोच हिशोब ‘सैरंध्री’चा. कर्णाचं तसं नाही. ‘मृत्युंजय’ सहा जण सांगतात, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण, आणि प्रत्येकाला तो वेगळा दिसतो. शोण त्याला जीव लावणारा भाऊ, पण सख्खा नाही, म्हणजे दोघं शेजारी उभे राहिले की एका घरातले दिसता कामा नयेत. आणि महाभारतात शांतिपर्वात युधिष्ठिर सांगतो की द्यूतसभेत कर्ण वाट्टेल ते बोलत होता, संताप येत होता, पण त्याच्या पायांकडं नजर गेली की राग उतरायचा, कारण ते पाय कुंतीच्या पायांसारखे होते आणि असं का, हे त्याला तेव्हा कळत नव्हतं. जो कुणी हा पिक्चर करेल त्याने कर्णाची ऑडिशन घेताना कुंती आधी ठरवावी आणि दोघांचे पाय एका फ्रेममध्ये घेऊन बघावेत.