‘सहा महिन्यांनंतर हात येत नाही’ हे खरं नाही

ठाण्यात नौपाडा असो की कळवा, कुणाला लकवा मारला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘सहा महिन्यांत हात आला तर आला, नंतर नाही.’ या वाक्यापायी किती घरांनी व्यायाम सोडून दिला असेल! पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, एवढंच त्यातलं तथ्य.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत लकव्याच्या झटक्याला ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण होते. एका गटाच्या चांगल्या हातावर जागेपणी जाड मोजा चढवला आणि दोन आठवडे दुबळ्या हाताकडून रोज तासन् तास कामं करून घेतली. त्यांचा हात इतरांपेक्षा जास्त सुधारला, फरक वर्षानंतरही टिकला. चांगलाच हात सगळं उरकतो तेव्हा दुसरा वापरायची सवयच मोडते. ती अशी परत लावता येते.

मनगट आणि बोटं थोडी तरी हलायला हवीत, ही अट मात्र आहे. आणि झटक्यानंतर पहिल्या २४ तासांत रुग्णाला सारखं उठवून चालवणंही बरं नव्हे. २०१५च्या मोठ्या चाचणीत त्याने नुकसानच दिसलं. वेळ आणि मात्रा डॉक्टर-फिजिओथेरपिस्टनेच ठरवावी.