कृपेची वचने आणि त्यांमागचे वाद

"कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे" हे इफिसकरांस पत्रातले वचन किंवा "माझी कृपा तुला पुरे आहे" हे करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले आश्वासन आज बहुतेक जण एकांतात, मननासाठी वाचतात. त्यात गैर काहीच नाही. पण कृपा, विश्वास आणि समर्पण यांविषयीची ख्रिस्ती भाषा बऱ्याच अंशी वादांतून घडली आहे. वाद ठाऊक नसला तर वचन गोड लागते, पण त्याचा रोख कोणाकडे होता ते कळत नाही.

सुरुवातीचा एक मोठा वाद जेवणाच्या पंक्तीवरून झाला. अंत्युखिया या शहरात येशूचा शिष्य पेत्र सुंता न झालेल्या परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आली, तसा तो कचरला आणि वेगळा राहू लागला. त्याचे पाहून इतर यहूदीही दूर झाले, इतकेच काय, पौलाचा सहकारी बर्णबाही त्यात ओढला गेला. परराष्ट्रीयांत प्रचार करणाऱ्या प्रेषित पौलाने सर्वांसमोर पेत्राला तोंडावर सुनावले. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो हा प्रसंग सांगतो आणि त्याच ओघात लिहितो की नियमशास्त्रातील (मोशेच्या धर्मनियमांतील) कर्मांनी माणूस नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरत नाही, येशू ख्रिस्तावरील विश्वासाने ठरतो. पुढे चारच ओव्यांवर, विसाव्या ओवीत, ते प्रसिद्ध वाक्य येते: "मी ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळलेला आहे, आणि ह्यापुढे मी जगतो असे नाही, तर ख्रिस्त माझ्या ठायी जगतो." समर्पणाचे हे वचन आपण किती अलगद संदर्भातून उचलतो! पौलाच्या लेखी स्वतःला मरणे म्हणजे आपल्या जन्माचा आणि धर्माचरणाचा मोठेपणा सोडून परक्याच्या पंक्तीला बसणेही होते.

रोमकरांस पत्रात हाच मुद्दा तो अब्राहामाच्या आधाराने मांडतो. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या बाजूने नीतिमत्त्व असा गणण्यात आला, हे उत्पत्तीच्या 15व्या अध्यायात. सुंतेची आज्ञा मात्र 17व्या अध्यायात. म्हणजे स्वीकार आधी, खूण नंतर. गंमत अशी की याकोबाचे पत्रही तोच अब्राहाम आणि तेच वचन घेते, पण 22व्या अध्यायातल्या इसहाकाच्या अर्पणाशी जोडून, आणि निष्कर्ष काढते की क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. दोघांना एकमेकांचे विरोधक ठरवण्याची घाई मला पटत नाही. आत येण्यासाठी आधी पात्रता सिद्ध करा म्हणणाऱ्यांना पौल उत्तर देतो; उपाशी भावाला "सुखाने जा" म्हणून वाटेला लावणाऱ्यांना याकोब.

पाचव्या शतकात प्रश्न बदलला. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने आपल्या 'कन्फेशन्स'मध्ये देवाला विनवले होते की तू जे आज्ञापितोस ते करण्याचे बळ दे, मग हवी ती आज्ञा कर. रोममध्ये ही प्रार्थना कोणी उद्धृत केली तेव्हा पेलॅगियस हा कडक शिस्तीचा तपस्वी खवळला. देवच सगळे देणार असेल तर माणूस आळशीपणाला निमित्त शोधील, ही त्याची भीती अगदीच निराधार नव्हती. ऑगस्टीनचे म्हणणे असे की माणसाची इच्छाच आजारी आहे. तिला नुसता उपदेश करून भागत नाही, ती बरी व्हावी लागते. कार्थेजच्या 418च्या सभेने पेलॅगियसची शिकवण नाकारली. 529मध्ये ऑरेंजच्या सभेने आणखी पुढे जाऊन सांगितले की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते.

सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरची गोष्ट सर्वपरिचित असल्याने थोडक्यात. 1517मध्ये वाद पेटला तो पापदंडाच्या माफीपत्रांवरून, पण लूथरला छळणारा प्रश्न त्याहून खोल होता: पवित्र देवापुढे मी उभा कसा राहू? उत्तर त्याला रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात, "नीतिमान विश्वासाने जगेल" या वचनात सापडले. याकोबाच्या पत्राला त्याने 1522मध्ये गवताकाडीचे पत्र म्हटले. पुढच्या आवृत्त्यांतून ते वाक्य गळले. त्याच वर्षी रोमकरांस पत्राला लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र खरा विश्वास सत्कृत्यांवाचून राहूच शकत नाही, असे तोच सांगतो. ही प्रस्तावना कोणीतरी वाचत असताना ऐकूनच 24 मे 1738 रोजी लंडनमध्ये मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याचे अंतःकरण बदलले. इकडे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने 1547मध्ये कॅथलिक भूमिका मांडली. कृपा आधी, हे तिनेही ठामपणे म्हटले. पण त्या कृपेला माणूस साथ देतो, यावर भर दिला.

समर्पणाचे टोक गाठले ते मिगेल दे मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूच्या शिकवणीने. आत्म्याने देवापुढे इतके निष्क्रिय व्हावे की मागणे आणि झगडणेही सुटावे, असा तिचा कल होता. 1687मध्ये पोपने त्याची 68 विधाने निषिद्ध ठरवली. विरोधकांचे सगळेच आरोप न्याय्य होते की नाही हा वेगळा विषय, पण वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने केलेली प्रार्थना या निष्क्रियतेत बसत नाही. तिथे येशू आधी दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवतो, आणि मग "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे" म्हणतो. उलट दिशेचा इशारा जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहॉफर याने 1937मध्ये दिला. शिष्यत्वाची किंमत न मागणाऱ्या कृपेला त्याने 'स्वस्त कृपा' म्हटले. तो स्वतः लूथरपंथी होता, म्हणून या शब्दांना धार होती.

31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक लूथरन महासंघ यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, हे दोघांनी मिळून म्हटले. मेथडिस्टही 2006मध्ये त्यात सामील झाले. मात्र नीतिमान ठरलेला माणूस एकाच वेळी पापीही असतो का, या प्रश्नावर कॅथलिक आणि लूथरन आजही वेगवेगळे बोलतात, आणि घोषणापत्राने तो फरक लपवलेला नाही.