क्रमवारी आणि रेस: जोकोविचच्या २०२३ च्या मोसमाचे दोन हिशेब

२६ जून २०२३, सोमवार. पुरुष टेनिसच्या दोन याद्या त्या दिवशी अग्रस्थानी दोन वेगळी नावे दाखवत होत्या. एकीत कार्लोस अल्कराझ ७६७५ गुणांवर आणि नोव्हाक जोकोविच ७५९५ वर, म्हणजे अल्कराझ ८० गुणांनी पुढे. दुसरीत जोकोविच ४७४५ आणि अल्कराझ ४६७५, म्हणजे जोकोविच ७० गुणांनी पुढे. दोन्ही याद्या एटीपीच्याच, म्हणजे पुरुष टेनिसच्या संघटनेच्याच, आणि दोन्ही बरोबर. पहिली क्रमवारी, दुसरी रेस. बातम्यांत या दोहोंची सर्रास सरमिसळ होते. छत्तिशीतला खेळाडू अव्वल कसा राहिला हे समजून घ्यायचे असेल तर ती सरमिसळ फार महागात पडते, कारण जोकोविचच्या त्या वर्षाची खरी गोष्ट या दोन आकड्यांमधल्या फरकातच आहे.

क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांचे गुण मोजते. आज मिळालेले गुण वर्षभर खात्यावर राहतात आणि ५२ आठवडे पूर्ण झाले की त्या सोमवारी गळून पडतात. ‘गुण राखणे’ म्हणतात ते हे गुण गळू न देण्यालाच. मागच्या वर्षी जिंकलेल्या ग्रँड स्लॅममध्ये यंदा उपांत्य फेरीत हरलात, तर २०२३ च्या तक्त्याने जुने २००० जायचे आणि नवे ७२० यायचे. रेस मात्र दर वर्षी शून्यापासून सुरू होते. त्या कॅलेंडर वर्षात मिळाले तेवढेच गुण तिच्यात येतात. त्यामुळे वर्ष संपेपर्यंत रेसमधला आकडा खाली येत नाही. फार तर जागच्या जागी थांबतो.

कामेही वेगळी आहेत. स्पर्धेत थेट प्रवेश आणि ड्रॉमधले मानांकन क्रमवारीवर ठरते. ‘इतके आठवडे पहिल्या क्रमांकावर’ हा विक्रमही क्रमवारीतूनच येतो. रेसचा उपयोग एकाच गोष्टीसाठी, वर्षाअखेरीस ट्युरिनला होणाऱ्या एटीपी फायनल्समध्ये कोणते आठ जण खेळणार हे ठरवण्यासाठी. त्यात पहिले सात थेट येतात. आठवी जागा त्या वर्षी ग्रँड स्लॅम जिंकलेला खेळाडू पहिल्या आठाबाहेर पण पहिल्या विसात असेल तर त्याला मिळते. रेसमध्ये महिनोन्‌महिने आघाडीवर असलेल्या खेळाडूच्या नावावर अव्वल स्थानाचा एकही आठवडा जमा होत नाही.

आता जोकोविचचा हिशेब. २०२२ च्या अखेरीस त्याचे ४८२० गुण होते आणि तो पाचवा होता. जानेवारीत त्याला ऑस्ट्रेलियातून परत पाठवले गेले होते. लसीकरणाच्या नियमामुळे अमेरिकन ओपन खेळता आली नव्हती. विम्बल्डन तो जिंकला, पण रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंवर आयोजकांनी घातलेल्या बंदीमुळे एटीपीने त्या वर्षी विम्बल्डनला गुणच दिले नाहीत. ते २००० मिळाले असते तर त्याचे ६८२० झाले असते, म्हणजे वर्षाअखेर पहिल्या असलेल्या अल्कराझच्या खात्यात होते नेमके तेवढेच. अर्थात तसे झाले असते तर अल्कराझलाही चौथ्या फेरीचे १८० मिळाले असते. मुद्दा एवढाच की, तो पाचवा क्रमांक जोकोविचच्या खेळाचे माप नव्हता.

२०२३ मध्ये क्रमवारीचे गणित त्यामुळेच त्याच्या बाजूने फिरले. मागच्या वर्षीच्या ज्या रकान्यांत शून्य होते, तिथून काहीच वजा होणार नव्हते. ॲडलेडचे २५० आणि ऑस्ट्रेलियन ओपनचे २००० जसेच्या तसे वाढले: ४८२० अधिक २२५०, म्हणजे ७०७०. अल्कराझ दुखापतीमुळे ऑस्ट्रेलियात खेळला नाही. त्याचे मागच्या वर्षीच्या तिसऱ्या फेरीचे ९० गेले आणि ६८२० चे ६७३० झाले. ३० जानेवारीला जोकोविच पुन्हा पहिला. रेसमध्ये त्या दिवशी त्याच्याकडे २२५० होते आणि अल्कराझकडे शून्य.

मार्चमध्ये इंडियन वेल्स आणि मायामी या दोन्ही स्पर्धांना जोकोविचला मुकावे लागले. अल्कराझ इंडियन वेल्स जिंकून २० मार्चला पहिला झाला, मायामीत उपांत्य फेरीत हरल्यावर ३ एप्रिलला जोकोविच परतला, रोमनंतर २२ मे रोजी पुन्हा अल्कराझ, फ्रेंच ओपननंतर १२ जूनला पुन्हा जोकोविच, क्वीन्स क्लबनंतर २६ जूनला पुन्हा अल्कराझ. या अदलाबदलीत नव्या विजयांइतकाच जुन्या गुणांच्या गळतीचा हात होता, हे बातम्यांच्या मथळ्यांत सहसा येत नाही.

२६ जूनचे आकडे सोडवून पाहा. जोकोविचच्या ७५९५ मध्ये ४७४५ त्या वर्षीचे: ॲडलेड २५०, ऑस्ट्रेलियन ओपन २०००, दुबई १८०, मॉन्टे कार्लो ९०, बान्या लुका ४५, रोम १८०, फ्रेंच ओपन २०००. उरलेले २८५० मागच्या शरद ऋतूचे: तेल अवीव २५०, अस्ताना ५००, पॅरिस मास्टर्सच्या (मास्टर्स म्हणजे ग्रँड स्लॅमखालोखालच्या स्पर्धा) अंतिम फेरीचे ६०० आणि ट्युरिनचे १५००. अल्कराझचे त्या वर्षीचे ४६७५, आणि मागच्या सहामाहीचे ३०००, त्यातले २००० एकट्या अमेरिकन ओपनचे. त्या वर्षाच्या खेळात जोकोविच ७० ने सरस, पण मागच्या शिल्लकीत अल्कराझ १५० ने जड. म्हणून क्रमवारीत ८० चा फरक उलट्या बाजूला दिसला. कोणत्याही आठवड्यात दोन याद्या वेगळे बोलत असतील तर असेच करावे: क्रमवारीतून रेसचा आकडा वजा करायचा, म्हणजे जुनी शिल्लक किती ते कळते. ती शिल्लक कोणत्या महिन्यातली आहे हे पाहिले की पुढे कोणाला धोका आहे ते आपोआप दिसते. ही वजाबाकी एवढी सरळ इथे जमली कारण दोघांच्याही मोजल्या न गेलेल्या निकालांचा प्रश्न नव्हता. वर्षभरात पंचवीस-तीस स्पर्धा खेळणाऱ्याच्या बाबतीत फक्त ठरावीक सर्वोत्तम निकाल धरले जातात, तेव्हा आधी कोणते निकाल मोजले गेलेत ते पाहावे लागते.

विम्बल्डनच्या अंतिम फेरीत जोकोविच पाच सेटमध्ये हरला, १-६, ७-६, ६-१, ३-६, ६-४. तरीही क्रमवारीत त्याचे १२०० वाढले, कारण मागच्या वर्षीचे गुण शून्य होते. गतविजेता हरला आणि गुण वाढले, हे ऐकायला विचित्र वाटते, पण नियमाने तसेच होणार होते. अल्कराझ ९६७५, जोकोविच ८७९५. रेसमध्ये अल्कराझ ६६७५, जोकोविच ५९४५.

मग सिनसिनाटी. अल्कराझविरुद्धचा अंतिम सामना ३ तास ४९ मिनिटे चालला, जोकोविच ५-७, ७-६, ७-६ असा जिंकला. त्यानंतर अमेरिकन ओपनच्या तोंडावर दोन याद्यांमधला फरक सर्वात ठसठशीत झाला, आणि माझ्या मते याद्या वाचायला शिकायच्या तर तोच आठवडा घ्यावा. क्रमवारीत अल्कराझ ९८१५, जोकोविच ९७९५. पण अल्कराझचे मागच्या वर्षीचे २००० स्पर्धा संपताच जाणार होते. त्याने विजेतेपद राखले तरी तो पुन्हा ९८१५ वरच येणार. जोकोविच पहिल्या फेरीत हरला तर १० मिळून ९८०५, म्हणजे मागेच. पहिला सामना जिंकून दुसऱ्या फेरीत गेला तर किमान ४५ मिळून ९८४०. त्यामुळे पहिल्या फेरीतला एक विजय पुरला, स्पर्धेत पुढे काहीही झाले तरी नंतरच्या सोमवारी पहिला क्रमांक त्याचा होता. त्याच क्षणी रेसमध्ये तो ६९४५ वर होता आणि अल्कराझ ७४५५ वर, म्हणजे ५१० ने मागे. तिथे एका विजयाने काही होणार नव्हते. ते अंतर त्याने स्पर्धा जिंकूनच कापले. अंतिम सामन्यात डॅनिल मेदवेदेववर ६-३, ७-६, ६-३ अशी मात केली, अल्कराझ उपांत्य फेरीत हरला, आणि रेस ८९४५ विरुद्ध ८१७५ अशी उलटली.

पुढे पॅरिस मास्टर्सचे १००० आल्यावर ९९४५ झाले. अल्कराझ बीजिंग, शांघाय आणि पॅरिस मिळून २८० च जोडू शकला, ८४५५ वर आला. इथे एक नियम ध्यानात ठेवावा लागतो. आदल्या वर्षीच्या फायनल्सचे गुण इतर गुणांसारखे स्पर्धा पुन्हा संपेपर्यंत थांबत नाहीत. नियमित मोसम आटोपला की लगेचच्या सोमवारी वजा होतात. त्यामुळे ट्युरिनच्या वेळी क्रमवारी आणि रेस एकच आकडा दाखवू लागतात. एरवी वर्षभर समांतर चालणारे हे दोन हिशेब तिथे येऊन मिळतात.

ट्युरिनमध्ये अपराजित विजेत्याला १५०० मिळतात: गटातील प्रत्येक विजयाला २००, उपांत्य फेरीच्या विजयाला ४००, अंतिम विजयाला ५००. अल्कराझने सगळेच जिंकले असते तर त्याचे ९९५५ झाले असते, जोकोविचच्या ९९४५ हून फक्त १० जास्त. म्हणून जोकोविचला गटातला एक विजय हवा होता. तो होल्गर रूनविरुद्ध पहिल्याच सामन्यात मिळाला, तोही तीन सेट खेळून. गटात यानिक सिन्नरकडून हार पत्करल्यामुळे त्याला १५०० ऐवजी १३०० मिळाले, पण अंतिम सामन्यात त्याच सिन्नरला त्याने ६-३, ६-३ असे हरवले. वर्षाअखेर जोकोविच ११२४५, अल्कराझ ८८५५.

हे ११२४५ फक्त १२ स्पर्धांतले आहेत. अल्कराझने १७ खेळल्या. नऊ मास्टर्सपैकी जोकोविच चारच खेळला: मॉन्टे कार्लो, रोम, सिनसिनाटी, पॅरिस. ज्येष्ठ खेळाडूंना वय, सामने आणि सर्किटवरची वर्षे पाहून अनिवार्य स्पर्धांमधून सूट मिळते. तरी न खेळलेल्या स्पर्धेचे गुण कोणी देत नाही. चार ग्रँड स्लॅममधूनच ७२०० आले, म्हणजे एकूण गुणांच्या ६४ टक्के. शरीर जपून मोठ्या स्पर्धा निवडायच्या हे बोलायला सोपे आहे. त्यासाठी त्या निवडलेल्या बहुतेक स्पर्धांत शेवटपर्यंत पोहोचावे लागते, आणि तेच त्याने केले.

२० नोव्हेंबर २०२३ रोजी त्याचा अव्वल स्थानावरचा ४०० वा आठवडा सुरू झाला आणि त्याचीच चर्चा सर्वाधिक झाली. वर्षाअखेर आठव्यांदा पहिला येणे मला त्याहून मोठे वाटते. आठवडे जुन्या शिल्लकीवरही मोजले जातात. वर्षाअखेरचा क्रमांक जानेवारी ते नोव्हेंबर खेळूनच मिळवावा लागतो. पीट सॅम्प्रसचे आठवडे २८६ आणि रॉजर फेडररचे ३१०, पण वर्षाअखेर सॅम्प्रस सहा वेळा पहिला आणि फेडरर पाच वेळा. दोन विक्रम दोन वेगळ्या गोष्टी मोजतात.

फेडररचे उदाहरण उलट बाजूचे. २०१७ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डनसह सात विजेतेपदे मिळवली, राफेल नदालला चारही वेळा हरवले. पण मातीवरचा मोसम त्याने पूर्ण सोडला होता, आणि वर्षाअखेर नदाल १०६४५ व फेडरर ९६०५ असे राहिले. नव्या वर्षी फेडररने ऑस्ट्रेलियातले २००० राखले. नदाल मात्र तिथे अंतिम फेरीचे १२०० गमावून ३६० वर थांबला, आणि ब्रिस्बेनचे ४५ ही गेले. उरले ९७६०. अंतर १५५ चे. रॉटरडॅमची उपांत्य फेरी १८० गुणांची होती. २०१७ मध्ये फेडरर तिथे खेळला नव्हता, म्हणून वजा काहीच नव्हते. उपांत्यपूर्व फेरीत रॉबिन हासेला हरवताच काम झाले. १९ फेब्रुवारी २०१८ ला ३६ व्या वर्षी तो पहिला झाला. इंडियन वेल्स आणि मायामीचे मिळून २००० राखणे मात्र जमले नाही, आणि एप्रिलच्या सुरुवातीला ते स्थान गेले.

जोकोविचचे २०२४ यापेक्षाही बोलके. ऑस्ट्रेलियात तो उपांत्य फेरीत हरला, रेसमध्ये तेव्हापासून सिन्नर पुढे गेला. क्रमवारीत मात्र जोकोविच ९ जूनपर्यंत पहिला राहिला, त्या वर्षात तोवर एकही विजेतेपद नसताना. सर्वात वयस्क अव्वल खेळाडूचा फेडररचा विक्रम त्याने याच काळात मोडला, तो २०२३ च्या गुणांवर. ऑगस्टमध्ये पॅरिसला ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, पण ऑलिंपिकला क्रमवारीचे गुण नव्हते; दोन्ही याद्यांत त्याची नोंद शून्य. वर्षाअखेर तो सातवा होता. जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवताना आणखी एक काळजी घ्यावी: २०२४ पासून ग्रँड स्लॅम उपविजेत्याला १२०० ऐवजी १३०० आणि मास्टर्स उपविजेत्याला ६०० ऐवजी ६५० मिळू लागले. २०२३ ची बेरीज नव्या तक्त्याने केली तर ती जुळणार नाही.

दुहेरीत हाच घोळ जरा वेगळ्या रूपात होतो. तिथे क्रमवारी खेळाडूची वैयक्तिक असते आणि रेस जोडीची. रोहन बोपण्णाने २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला रामकुमार रामनाथनबरोबर विजेतेपद मिळवले, त्याचे २५० प्रत्येकाच्या स्वतःच्या क्रमवारीत गेले. २०२३ मध्ये ट्युरिनला तो मॅथ्यू एब्डनबरोबर गेला ते मात्र जोडीच्या रेसमधून, तिथे इतर जोडीदारांबरोबर कमावलेले गुण चालत नाहीत. आणि जानेवारी २०२४ मध्ये ४३ व्या वर्षी तो पहिला झाला तो पुन्हा वैयक्तिक क्रमवारीत. मिश्र दुहेरी या दोन्हींत धरली जात नाही. त्यामुळे २०२३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये सानिया मिर्झाबरोबर गाठलेल्या अंतिम फेरीने त्याच्या क्रमवारीत एकाही गुणाची भर पडली नाही.