ख्रिस्ती पूर्णत्व

देवाच्या कृपेनं माणूस याच आयुष्यात 'पूर्ण' होऊ शकतो का, हा ख्रिस्ती विचारातला फार जुना वाद. मत्तय ५:४८ मधे येशू सांगतो की स्वर्गातला पिता पूर्ण आहे तसे तुम्ही व्हा, आणि पौल फिलिप्पैकरांच्या पत्रात (३:१२) म्हणतो मी अजून पूर्ण झालेलो नाही. चुकाच न होणं म्हणजे पूर्णत्व असं फार थोड्यांनी मानलं. १३ व्या शतकात कॅथलिक धर्मशास्त्री थॉमस अक्वायनसनं ते मुख्यतः प्रीतीत आहे असं मांडलं, आणि तेच जास्त पटण्यासारखं आहे. पापच करता येणार नाही इतकं पूर्णत्व इथंच मिळतं, हे मत कॅथलिक चर्चच्या व्हिएनच्या परिषदेनं (१३११-१२) नाकारलं.

प्रॉटेस्टंटांत हा विषय गाजवला तो मेथॉडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं (१७०३-१७९१). त्याचं म्हणणं असं की देवावर आणि शेजाऱ्यावर पूर्ण मनानं प्रेम करणं मरणाआधी शक्य आहे, मात्र अज्ञान, गैरसमज, आजारपण हे राहणारच. मेथॉडिस्ट पाळकाला दीक्षेच्या वेळी आजही विचारतात, 'याच आयुष्यात प्रीतीत पूर्ण होण्याची अपेक्षा करता का?' आणि हे विचारायला लावणाऱ्या वेस्लीनं १७६७ मधे पेपरात पत्र छापून स्वतः पूर्ण नसल्याचं सांगितलं होतं! त्याआधी जॉर्ज बेल नावाच्या त्याच्या एका अनुयायानं २८ फेब्रुवारी १७६३ ला जग संपणार म्हणून लंडनमधे गोंधळ घातला, त्यामुळं या शिकवणीची बदनामी झाली ती वेगळीच.

वेस्लीला हे सुचलं कुठून यावर अभ्यासकांचं जमत नाही. जेरेमी टेलर, थॉमस अ केम्पिस, विल्यम लॉ या भक्तिपर लेखकांचा प्रभाव त्यानं स्वतःच कबूल केलाय. अडचण मॅकॅरियसची. त्याच्या नावावरच्या प्रवचनांतले उतारे वेस्लीनं आपल्या ग्रंथमालेत घेतले, लेखक इजिप्तचा साधू असं समजून, पण आता ती बहुधा ४ थ्या शतकाच्या उत्तरार्धातल्या सिरिया-मेसोपोटेमियाकडच्या कुणाची असावीत असं धरतात. वेस्लीचा अभ्यासक अल्बर्ट आउटलरनं १९६४ मधे धागा जोडला की या मॅकॅरियसमागं पूर्वेकडच्या चर्चचा ४ थ्या शतकातला बिशप, नीसाचा ग्रेगरी आहे, म्हणजे न थांबणारी प्रगती हेच पूर्णत्व म्हणणारा, आणि तिथून ते वेस्लीपर्यंत आलं. यासाठी आउटलरनं वर्नर येगर या अभ्यासकाचा आधार घेतला, पण पुढं राइनहार्ट स्टाट्स या दुसऱ्या अभ्यासकानं दाखवलं की उसनवारी उलट्या दिशेनं झाली असावी, ग्रेगरीनंच मॅकॅरियसकडून घेतलं. त्यामुळं आउटलरचा धागा सैल पडतो, तरी वेस्लीच्या शिकवणीचं पूर्वेकडच्या चर्चशी साम्य आहे हे नाकारता येत नाही.

खान्देशात जळगाव, भुसावळ, चाळीसगावकडं काम केलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सची शिकवण याच कुळातली, पण थेट वेस्लीची नाही. संस्थापक ए. बी. सिम्पसनच्या चार सूत्रांत येशू तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि परत येणारा राजा असा येतो, पैकी दुसरं इथल्या विषयाचं. पापाचं मूळ उपटलं जातं असं सिम्पसन म्हणत नाही, ख्रिस्त आत राहतो म्हणून माणूस पवित्र राहतो असं म्हणतो. आपल्याकडच्या मंडळ्यांत 'पूर्णत्व'पेक्षा 'पवित्रीकरण' जास्त चालतं ते बरंच आहे, कारण पूर्णत्व म्हटलं की बाहेरच्याला मोक्ष आठवतो आणि चर्चा भलतीकडं जाते.

कॅथलिकांकडं गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन हा पूर्णत्वाचा खास मार्ग समजत, पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'लुमेन जेन्शियम' (१९६४) या दस्तऐवजाच्या ५ व्या प्रकरणानं पावित्र्याचं बोलावणं सगळ्यांनाच आहे, संसारी माणसालाही, असं स्पष्ट केलं.