नक्कल मिळाली, पण मूळ दस्त कुठाय?

सांगलीत जुनं घर बघायला गेलं की हमखास कानावर येतं, “मूळ खरेदीखत पुरात गेलं, पण नक्कल काढून देतो की. काय फरक पडतोय?” 2019 साली आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट असताना कृष्णेचं पाणी 57 फुटांवर पोचलं होतं. गावभागात कपाटंच्या कपाटं भिजली. कागद खरोखरच गेलेली माणसं इथं पुष्कळ आहेत. पण ‘नक्कल म्हणजे मूळ दस्तच’ हे ऐकून ऐकून मी वैतागलोय, कारण त्यापायी लोक आयुष्यभराची कमाई अडकवून बसतात.

नक्कल कशी काढतात ते बहुतेकांना माहीत असतं. दुय्यम निबंधकाकडे दस्त क्रमांक आणि साल देऊन अर्ज करायचा, फी भरायची, सही-शिक्क्याची प्रत घ्यायची. सूची दोन हा त्याच दस्ताचा गोषवारा. घरपट्टीची पावती कर भरल्याचं सांगते, मालकीचं नाही. एवढं पुरे.

खरी मेख पुढं आहे. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 57 प्रमाणे नक्कल पुराव्यात चालते, पण कशाच्या पुराव्यात? दस्तात काय लिहिलं होतं त्याच्या. मूळ कागद आज कुणाच्या ताब्यात आहे, याबद्दल तिच्यात एक अक्षर नसतं. आणि घर गहाण टाकायला दर वेळी वेगळं गहाणखत करावंच लागतं असंही नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम 58 (एफ) मूळ दस्त तारण म्हणून ठेवून केलेलं गहाणही मान्य करतं. दस्त तिकडं तिजोरीत पडून असला तरी इकडं नक्कल हवी तितक्या वेळा निघते. हरवलेला दस्त आणि ठेवलेला दस्त, दोन्हींची नक्कल अगदी सारखीच दिसते.

एका ओळखीच्या कुटुंबासाठी मी कागद बघत होतो. दस्त पुरात गेला म्हणून सांगितलेलं. हातात दिलेल्या झेरॉक्सच्या डाव्या समासात फायलीच्या दोन भोकांचे काळे ठिपके होते आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेला खातेक्रमांकासारखा आकडा. “काका, ही झेरॉक्स कधी काढली?” विचारल्यावर घर विकणारे गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. धाकट्या भावाच्या कर्जापोटी दस्त एका पतसंस्थेत ठेवलेला होता. बाकी किती, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी घेणाऱ्यानं रकमेतून थेट कर्जखात्यात पैसे भरले, दस्त सोडवून घेतला आणि मगच खरेदी झाली.

“सर्च क्लिअर आहे”, म्हणजे निबंधकाच्या जुन्या नोंदी तपासल्या आणि काही बोजा दिसला नाही, एवढ्यावर तर मुळीच विसंबू नका. मूळ दस्त ठेवून केलेल्या गहाणाची सूचना 30 दिवसांत दुय्यम निबंधकाकडे देण्याचं बंधन महाराष्ट्रात 1 एप्रिल 2013 पासून आहे. त्याआधी ठेवलेला दस्त सर्चमध्ये दिसेलच असं नाही, आणि नंतरचाही सूचनाच दिली नसेल तर दिसत नाही. सरसाई (CERSAI), म्हणजे बँकांकडच्या तारणांची नोंद ठेवणारी संस्था, तिच्या केंद्रीय नोंदवहीतला शोध किरकोळ फीत होतो, तो घ्याच. मात्र सावकाराच्या कपाटातला दस्त तिथं सापडायचा नाही, पतसंस्थेतला सापडेल असंही धरू नका.

दस्त खरंच हरवला असेल तर पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रार, नक्कल आणि जाहीर नोटीस हवी. नोटीस अशा पेपरात द्या जो त्या गल्लीत रोज येतो. कुणी वाचत नाही अशा पेपरात चार ओळी छापून ‘हरकत आली नाही’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. सगळ्या हिस्सेदारांचं, बहिणींसकट, प्रतिज्ञापत्र घ्या. त्यात ‘दस्त हरवला’ एवढ्यावर भागवू नका, ‘कोणत्याही व्यक्तीकडे वा संस्थेकडे तारण ठेवलेला नाही’ हे शब्द हवेतच. नुकसानभरपाईची हमी खरेदीखतातच लिहून घ्या.

कर्ज फिटलंय पण दस्त बँकेनंच हरवला, असं सांगितलं तर बँकेचं लेखी पत्र मागा. रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या आदेशाप्रमाणे कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात. ते बँकेकडून गहाळ झाले तर नक्कल मिळवायला मदत करणं आणि तिचा खर्च सोसणं बँकेवरच आहे. त्यामुळं पत्र द्यायला बँकेला अडचण नसावी. ते पत्र हातात पडेपर्यंत इसाराचा एक रुपया देऊ नका.