संगीतसंग्रहासाठी ऑडिओ फॉरमॅटची निवड

सीडी, कॅसेट किंवा तबकडीवरचे संगीत संगणकावर उतरवताना, तसेच विकत घेतलेले संगीत डाउनलोड करताना, ते कोणत्या प्रकारच्या फाइलीत ठेवायचे याचा निर्णय. वरवर हा जागेचा प्रश्न वाटतो. खरा प्रश्न परतीच्या वाटेचा आहे: काही फॉरमॅटमधून मूळ ध्वनी जसाच्या तसा परत मिळतो, काहींमधून तो कधीच मिळत नाही.

सीडीवर ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने (म्हणजे त्या-त्या क्षणी घेतलेली मोजमापे) असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि वाहिन्या दोन. सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट, म्हणजे तासभराच्या गाण्याला साधारण ६३५ मेगाबाइट लागतात. हे सगळे न दाबता (कॉम्प्रेस न करता) साठवणारी वेव्ह फाइल मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनी १९९१ मध्ये आणली. स्टुडिओत ती अजूनही चालते. घरी मात्र तिची अडचण वेगळीच: राग, गायक, साथीदार ही माहिती (टॅग) तीत लिहिण्याची सर्वमान्य रीत रुजली नाही, त्यामुळे एका प्लेअरने लिहिलेले दुसऱ्याला दिसेलच असे नाही.

एमपी३ मुख्यतः जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतील संशोधनातून घडले आणि १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कानाला कळत नाही, म्हणून तो टाकून द्यायचा, हे त्याचे तत्त्व. सेकंदाला १२८ किलोबिट ठेवले तर तोच तास ५८ मेगाबाइटमध्ये बसतो. पण एवढे दाबले की झांजा आणि टाळ चरचरू लागतात, आणि तबल्याच्या खणखणीत आघाताआधी पुसटशी खरखर उमटू शकते, कारण ध्वनी छोट्या तुकड्यांत दाबला जातो आणि दाबताना झालेली चूक त्या अख्ख्या तुकड्यावर पसरते. २५६ किंवा ३२० किलोबिटला हा फरक बहुतेकांना डोळे बांधून ओळखता येत नाही, हेही मान्य करायला हवे. एएसी (१९९७) आणि ओपस (२०१२) हे याच जातीचे. कमी बिटरेटला (सेकंदाला कमी किलोबिट असताना) दोन्ही एमपी३पेक्षा सरस.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला एमपी३ची आणखी एक खोड बोचते. त्याचा प्रत्येक तुकडा १,१५२ नमुन्यांचा असल्याने फाइलीच्या दोन्ही टोकांना निःशब्द भर पडते. विलंबित आणि द्रुत स्वतंत्र ट्रॅक असतील, तर मधे तानपुरा क्षणभर तुटतो. लेमसारखे एन्कोडर (एमपी३ बनवणारे प्रोग्रॅम) या भरीचे माप फाइलीत लिहून ठेवतात, पण ते वाचणारा प्लेअर हवा.

फ्लॅक (२००१, निर्माता जॉश कोलसन) काहीच टाकत नाही. मागच्या नमुन्यांवरून पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज जेवढा चुकला तेवढेच लिहायचे. फाइल बहुधा मूळच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत येते. शांत आलाप चांगला दाबला जातो. जुन्या तबकडीची खरखर मात्र अंदाजात मावत नाही, त्यामुळे नको असलेला आवाजच जास्त जागा खातो. मूळ ध्वनीची एमडी५ खूण (त्यावरून गणिताने काढलेला पडताळणीचा आकडा) फाइलीतच असल्याने वर्षांनंतरही फाइल खराब झाली का हे तपासता येते. ॲपलचे अलॅक (२००४) तेच काम करते, आणि २०११ पासून तेही मुक्तस्रोत आहे. दोन्हींतून एकमेकांत जाताना काही हरवत नाही, म्हणून यांपैकी कोणते निवडले यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

संग्रहाची मूळ प्रत अशा लॉसलेस (काहीच न गमावणाऱ्या) फॉरमॅटमध्ये ठेवून फोनसाठी तिच्यावरून ओपस किंवा एमपी३ काढणे ही रूढ पद्धत. एमपी३वरून एएसी केले की आधीच्या नुकसानात आणखी भर पडते. एमपी३चे फ्लॅक केले तर फक्त फाइल फुगते; गेलेले परत येत नाही. असे फुगवलेले फ्लॅक सर्रास फिरतात. स्पेक्ट्रोग्रॅम (कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे हे दाखवणारे चित्र) काढला की बऱ्याचदा चोरी पकडली जाते: १२८ किलोबिटच्या एमपी३वरून केलेल्या फाइलीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर काळी पट्टी दिसते, कात्रीने कापल्यासारखी सरळ.