स्क्रूच्या फुलीतली दोन घर्षणं

मोटारसायकलचं ब्रेक ऑइल बदलायला बसलो होतो. हँडलवरच्या टाकीच्या झाकणाला दोन फुलीचे स्क्रू. पहिला निघाला. दुसऱ्यावर ड्रायव्हर 'कट्' करून वर उडाला आणि खाचेत चकचकीत धातूचा बारीक कीस दिसला. शेजारचे काका म्हणाले, "जोर लाव, जोर!" स्क्रूची फुली खराब होते ती याच सल्ल्याने.

फुलीच्या खाचेच्या भिंती उभ्या नसतात, तळाकडे निमुळत्या होतात. त्यामुळे आपण पिळतो तेव्हा जोराचा काही हिस्सा ड्रायव्हरच्या टोकालाच बाहेर ढकलतो. हिशेब करून बघा. समजा, ३ न्यूटन-मीटर इतका पीळ दिला आणि खाचेची त्रिज्या अडीच मिलिमीटर धरली. भिंतींवर मिळून १,२०० न्यूटन, म्हणजे सुमारे १२० किलोचा भार येतो. भिंत दहास एक इतकीच कललेली असली, तरी त्यातले १२ किलो ड्रायव्हरला वर लोटतात. टोक तरीही टिकतं ते धातूच्या धातूवरील घर्षणामुळे आणि आपल्या तळहाताच्या दाबामुळे. एकदा घसरलं की कडा गोल होते, उतार वाढतो, आणि पुढचं घसरणं आणखी सोपं होतं.

म्हणजे घर्षणं दोन. आट्यांतलं मारायचं, खाचेतलं जपायचं. लोक नेमकं खाचेत तेल ओततात! तेल आट्यांच्या कडेने मुरू द्यावं आणि खाच कोरडी पुसावी. टोकाला व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टचा ठिपका लावला तर तिची खर पकड वाढवते. ब्रेकच्या टाकीजवळ मात्र गंज सोडवणारं तेल अजिबात नको. खनिज तेलाने आतले रबरी सील फुगतात.

टोकाचं मापही जुळलं पाहिजे. जपानी धाटणीच्या गाड्यांवरच्या अनेक स्क्रूंच्या माथ्यावर एक बारीक टिंब असतं. त्यांची फुली फिलिप्ससारखी, म्हणजे नेहमीच्या फुलीसारखी, दिसते, पण फिलिप्सचं टोक तिच्या तळाशी नीट बसत नाही.

यानंतरचं हत्यार म्हणजे हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. त्याच्या पोटात तिरपी खाच असते, म्हणून वरून बसलेला घाव थोड्या फिरकीत बदलतो. टोक ज्या क्षणी फिरतं, त्याच क्षणी ते आत दाबलेलंही असतं. निसटायला फुरसतच मिळत नाही, आणि हादऱ्याने गंजाची पकड तडकते.

शनिवारी लोखंडाला हात लावला की काम अडतं, असं आमच्याकडे मानतात. स्क्रूला वार कळत नाही. पोलादी स्क्रू, ॲल्युमिनियमची टाकी आणि दमट खारी हवा एकत्र आली की तिथे लहानसा विद्युतघट तयार होतो. ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. पाच सेकंदांत कोणताही स्क्रू काढून दाखवणाऱ्या व्हिडिओंत ही भुकटी कधी दिसत नाही.

माझ्या स्क्रूची फुली तोवर पार गोल झाली होती. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे स्क्रूत भोक पाडून आत रुतवायचा उलट्या आट्यांचा खिळा, वापरला नाही. तो कडक पण ठिसूळ असतो, आत तुटला तर साधं ड्रिलही त्याला लागत नाही. त्याऐवजी ड्रिलने स्क्रूचा माथाच उडवला, कीस पुसून घेतला आणि झाकण उचललं. स्क्रू आवळताना साधारण निम्मा जोर माथ्याखालच्या घर्षणातच जातो. माथा गेला, तसं ते घर्षण गेलं आणि दांड्यातला ताणही सुटला. स्क्रूच्या दांड्याचं वर राहिलेलं टोक पक्कडीत धरलं आणि ते अर्ध्या वळणात मोकळं झालं.